दाबल्यावर दिसणारा रंग

हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज. नाव जड आहे, पण ही पांढरी पावडर औषधाच्या गोळ्या बांधून ठेवायला वापरतात, म्हणजे ती बहुधा तुमच्या पोटात जाऊन आलेली आहे. तिचं पाण्यात घट्ट मिश्रण करायचं, वजनाने साधारण ६० ते ७० टक्के पावडर. बुडबुडे निघून जाईपर्यंत वाट बघायची, मग दोन पारदर्शक पट्ट्यांमध्ये ते पसरून कडा बंद करायच्या. (कडा उघड्या राहिल्या तर पाणी उडतं आणि रंग बदलतो.) मागे काळा कागद धरला की फिल्म लाल, हिरवी किंवा निळी चमकते. रंगद्रव्याचा एक कणही न घालता.

आत लांबलचक रेणू गोल जिन्यासारखे वळत गेलेले असतात. एका पूर्ण वळशाची उंची काहीशे नॅनोमीटर, आणि कुठला रंग परत फिरणार हे त्या उंचीवर ठरतं. बोटाने दाबलं की वळसे चेपतात, लाल जागा हिरवी होते, आणखी दाबलं तर निळी. बोट उचललं की रंग सावकाश मागे येतो. १८८८मध्ये प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झरला कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात असेच रंग दिसले होते, तिथे दाबाऐवजी तापमान बदलत होतं.

मग हिचा खरा रंग कोणता?

प्रश्न मला छळतो तो एका सहकाऱ्यामुळे. तीन वर्षं शांत, मदतीला धावणारा माणूस. एका रिलीजच्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, तो टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीवर सगळ्यांसमोर वाट्टेल तसा ओरडला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकमत झालं, ‘शेवटी खरा रंग दाखवलाच.’

दाबाखाली दिसतं तेच खरं आणि एरवीचं सगळं सोंग, हे आपण इतक्या सहज कसं धरून चालतो? फिल्मचा लालही खरा आहे, निळाही. कायमचं काही शोधायचंच असेल तर ते जिन्याच्या वळणात आहे. तो डावीकडे वळतो की उजवीकडे, हे बोटाने दाबून बदलत नाही. माणसाच्या बाबतीतही मला तीच गोष्ट बघावीशी वाटते. ओरडल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो काय करतो, हे मला ओरडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. (त्याने माफी मागितली. मेलवर नाही, तिच्या डेस्कपाशी जाऊन.)

पण हा युक्तिवाद मला फार सोयीचा आहे, कारण ओरडा मी खाल्लेला नव्हता. फिल्मकडे तिरकं बघितलं तरी रंग निळ्याकडे सरकतो, कुणी दाबलेलं नसतानाही. ती मुलगी माझ्या खुर्चीवरून बघत नव्हती. तिला टीममध्ये येऊन दोन महिने झाले होते, माझ्याकडची तीन वर्षं तिच्याकडे नव्हती. आता त्याच्या बढतीसाठी आम्हा दोघांकडून अभिप्राय मागवला आहे. माझा लिहून तयार आहे, पण तिचा वाचल्याशिवाय तो पाठवावासा वाटत नाही, आणि सिस्टीम तो वाचू देत नाही.