देव्हाऱ्याचे तेल आणि संस्काराचा प्रश्न

लाकडाला तेल दिले असता त्यात नवे काही येते की मुळात असलेलेच प्रकट होते, हा प्रश्न वरवर सुतारकामाचा वाटला, तरी त्याचे धागे वेदान्तातील एका जुन्या वादाशी जुळलेले आहेत. ब्रह्मसूत्रांतील चौथ्या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी कर्माने साधणाऱ्या फळाचे चार प्रकार विचारात घेतले आहेत: जे निर्माण करावयाचे ते उत्पाद्य, जे बदलावयाचे ते विकार्य, जे मिळवावयाचे ते आप्य आणि ज्यावर संस्कार करावयाचा ते संस्कार्य. मोक्ष यांपैकी कशातच बसत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होय. संस्कारही दोनच वाटांनी घडतो, एक तर गुणाची भर घालून, म्हणजे गुणाधानाने, किंवा मळ दूर करून, म्हणजे दोषापनयनाने. आरसा घासल्यावर त्याची चकाकी जशी दिसू लागते तसा आत्माही क्रियेने उजळेल, ही शंका तेथे उपस्थित केली आहे आणि तिचे उत्तर असे दिले आहे की, क्रिया जिच्या ठायी घडते त्या वस्तूत विकार केल्यावाचून ती राहत नाही, आणि आत्मा तर अविकारी आहे.

आत्म्याला जे लागू पडत नाही ते लाकडाला मात्र पुरेपूर लागू पडते. शहापूर-मुरबाडच्या रानांत वाढणाऱ्या सागाचा देव्हारा रंध्याने साफ करून रेषांच्या दिशेने पॉलिश पेपरने घासला जातो, तेव्हा घडते ते दोषापनयन होय. त्यानंतर तेलाचा बोळा फिरताच फिकट, धुरकट पृष्ठभाग मधासारखा गडद होतो आणि लाकडाच्या रेषा उठून दिसतात. हा रंग तेलाचा नसतो. कोरड्या लाकडाच्या पेशींमधील पोकळ्यांत हवा असते, त्यामुळे प्रकाश पृष्ठभागापाशीच विखुरतो. त्या पोकळ्या तेलाने भरल्या, आणि तेलाचा वक्रीभवनांक पेशीभित्तिकेच्या वक्रीभवनांकाशी मिळताजुळता असला, की प्रकाश आत खोल उतरून परततो. म्हणजे जे दिसते ते लाकडाचेच आहे. पण ते दिसावे म्हणून आत शिरलेले तेल पुन्हा बाहेर येत नाही, तेथेच घट्ट होऊन लाकडाचा भाग बनते. गुणाधान आणि प्रकटीकरण यांची फारकत येथे करता येत नाही, आणि तेलाच्या संस्काराची खरी थोरवी त्यातच आहे.

तेलाच्या ज्या स्निग्धपणाला स्नेह म्हणतात, त्याला न्याय-वैशेषिकांनी चोवीस गुणांत स्थान दिले असून, पिठासारख्या चूर्णाचा गोळा ज्यामुळे बांधला जातो तो गुण म्हणजे स्नेह, अशी त्याची व्याख्या केली आहे. हा गुण केवळ जलात राहतो असे त्यांचे मत असल्यामुळे तेलाचा प्रश्न अवघड झाला, कारण पाणी आग विझवते आणि तेल ती वाढवते. तेलात असणाऱ्या जलांशातील स्नेह उत्कट असल्याने तो दहनाला अनुकूल ठरतो, असे समाधान विश्वनाथ न्यायपंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त आढळते. आजचे रसायनशास्त्र कारण वेगळे सांगते, परंतु बांधण्याची आणि जळण्याची शक्ती एकाच ठिकाणी पाहण्याची ती दृष्टी विलक्षण आहे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणूनच तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उलगडून मोकळ्या हवेत वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात, हा नियम कोणत्याही शोभेच्या विचारापेक्षा आधीचा आहे.

तेलाची निवड घट्ट होण्याच्या याच गुणावर ठरते. या क्षमतेचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो: जवसाच्या तेलाचे हे मूल्य साधारण १७० ते २००, तिळाच्या तेलाचे सुमारे ११० आणि खोबरेलाचे १०च्या आसपास असते. त्यामुळे समईला उत्तम ठरणारे तिळाचे तेल किंवा घरोघरी असणारे खोबरेल देव्हाऱ्याला लावले, तर ते नीट वाळत नाही, चिकट राहून निरांजनाची काजळी आणि उदबत्तीची राख धरून ठेवते. पूजेत जे पवित्र ते लाकडालाही योग्यच असेल, ही समजूत येथे चुकते. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळणारे जवसाचे तेल यासाठी बरे. मात्र साग स्वतःच तेलकट असल्याने पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेले सगळे तेल कोरड्या कापडाने पुसून काढावे आणि तो हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. पुसण्याचा आळस केला, तर कोरीव कमानीच्या खाचांत तेल साठून त्याची सुरकुतलेली, बोटाला चिकटणारी साय बनते.

तेल प्रकट करते की झाकते, या विचाराला टिटवाळ्यात विशेष अर्थ येतो. काळू नदीकाठच्या या गावात कण्वाश्रम होता आणि शकुंतलेने येथे गणेशाची आराधना केली, अशी परंपरा सांगितली जाते. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेल्या जुन्या लहान मंदिराला लाकडी सभामंडप होता. तो जीर्ण झाल्यावर १९६५-६६ मध्ये मंदिराचा जीर्णोद्धार झाला. गणेशमूर्तीवर चढविला जाणारा शेंदूर हाही तेलात कालविलेला लेप होय, पण त्याची रीत उलटी आहे: तो आत न मुरता थरांवर थर चढत बाहेर वाढतो आणि मूळ पाषाणाला झाकतो. तरीही भक्ताला त्या झाकण्यात देवाचे दर्शनच घडते, कारण त्याच्या दृष्टीने लेप ही सेवा आहे. परंपरागत शेंदूर शिशाचा असल्याने घरातील लाकडाच्या रंगकामात मात्र त्याला जागा नसावी.

देव्हाऱ्याला तेल देणाऱ्याला या सेवेतून काय मिळते? स्नान-आचमनाने शुद्ध होतो तो देहाशी एकरूप झालेला कर्ता, आत्मा नव्हे, हे भाष्यातील उत्तर येथेही पुरेसे आहे, आणि त्यात सेवेची हेटाळणी नाही. जो हात तासभर लाकडाच्या रेषा ओळखत फिरतो, त्याच्यावरही संस्कार घडतोच. गणेशोत्सवाच्या तोंडावर, श्रावणातल्या दमट हवेत हे काम काढले, तर तेल वाळता वाळत नाही. ते दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत करावे. वर्षभराने ताम्हनाखालची जागा अभिषेकाच्या पाण्याने पांढुरकी पडलेली दिसते.  तेल दिलेल्या लाकडाची तेवढीच जागा हलक्या हाताने घासून थेंबभर तेल मुरवले, की ती पुन्हा आजूबाजूच्या फळीत मिसळून जाते.