चिंध्यांचे चीवर: निवडलेले आणि लादलेले

बौद्ध भिक्षूचे चीवर अखंड कापडाचे नसते. कापड नवे कोरे मिळाले तरी ते आधी कापायचे, त्याच्या पट्ट्या आणि तुकडे करायचे, ते पुन्हा जोडून शिवायचे आणि मग मुळे, साली, पाने यांच्या रंगात बुडवायचे, असा विनयपिटकाचा दंडक आहे. या रीतीचे मूळ पांसुकूलात, म्हणजे धुळीत, उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्यांपासून शिवलेल्या वस्त्रात आहे. चांगले कापड हाताशी असताना ते फाडून ठिगळांचे का करावे, हा प्रश्न केवळ पेहरावाचा नाही. गरिबी हे मूल्य मानायचे का, आणि मानायचे तर ते कापडात असते की कापड अंगावर घेणाऱ्याच्या संकल्पात, हा नीतीचा प्रश्न त्यामागे आहे. बौद्ध परंपरेने त्याचा विचार शिवणीच्या तपशिलापर्यंत जाऊन केला.

संघाच्या आरंभीच्या काळात भिक्षू पांसुकूलच वापरत. पाचव्या शतकात श्रीलंकेत राहून बुद्धघोषाने लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात अशा चिंध्यांचे तेवीस प्रकार दिले आहेत. स्मशानातले कापड, बाजाराच्या वाटेवर पडलेले तुकडे, बाळंतपणात वापरून फेकलेले कपडे, आगीत होरपळलेले, गुरांनी चघळलेले, वाळवीने किंवा उंदरांनी कुरतडलेले, वाऱ्याने उडत आलेले कापड हे त्यांतले काही. चिंधी उचलायची, कुजका भाग फाडून टाकायचा, उरलेला धुऊन ठिगळ जोडायचे, ही कृती. पांसुकूलाचे व्रत हे तेरा धुतांगांपैकी, म्हणजे ऐच्छिक कठोर व्रतांपैकी, पहिले मानले जाते. बुद्धघोष त्याच्या तीन पायऱ्या सांगतो. कडक व्रती फक्त स्मशानातले कापड उचलतो. मध्यम व्रती ‘कोणी प्रव्रजित घेईल’ या हेतूने वाटेत ठेवलेले कापडही घेतो. सौम्य व्रती पायाशी ठेवलेले वस्त्र स्वीकारतो. तिघांपैकी कोणीही गृहस्थाने दिलेले वस्त्र स्वेच्छेने घेतले की व्रत तत्क्षणी मोडते. म्हणजे कापड किती फाटके आहे यावर व्रत ठरत नाही. कापड कोणाचेही उरलेले नाही आणि घेणारा त्यासाठी कोणाचाही ऋणी नाही, हे त्यात महत्त्वाचे ठरते.

फक्त पांसुकूल वापरण्याच्या आरंभीच्या रीतीला पहिला फाटा वैद्य जीवकामुळे फुटला. विनयपिटकातल्या महावग्गातील कथेनुसार जीवकाने अवंतीचा राजा प्रद्योत याला बरे केले आणि राजाने त्याला अतिशय मौल्यवान वस्त्रांची जोडी पाठवली. जीवकाने ती बुद्धाला अर्पण केली आणि गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची मुभा संघाला मिळावी, अशी विनंती केली. बुद्धाने ती मान्य केली. ज्याला पांसुकूल वापरायचे त्याने ते वापरावे, ज्याला गृहस्थाचे दान घ्यायचे त्याने ते घ्यावे, आणि जे मिळेल त्यात समाधान मानावे, असे त्याने ठरवून दिले. पुढे क्षौम, कापूस, रेशीम, लोकर, ताग आणि अंबाडीसारख्या तंतूंचे कापड असे सहा प्रकार संमत झाले. रेशीमही चालेल, असे म्हटल्यावर संन्याशाचा वेश आणि श्रीमंताचा वेश यांत फरक उरणार कसा, हा पेच उभा राहिला.

त्याचे उत्तर शेताच्या बांधांत सापडले. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धाने मगधातली शेते पाहिली. लांब पट्टे, मधले बांध, आडवे बांध आणि चौकात मिळणाऱ्या सीमा अशी ती आखणी होती. असे चीवर करता येईल का, असे त्याने आपला शिष्य आनंद याला विचारले आणि आनंदाने ते करून दाखवले. थोडक्यात सांगितलेले आनंदाने तपशिलासह जाणले, अशी त्याची प्रशंसा कथेत येते आणि त्या आराखड्यातल्या प्रत्येक भागाचे नावही दिले जाते. लांब शिवण म्हणजे कुसी, आखूड शिवण म्हणजे अड्ढकुसी, मोठा चौकोन म्हणजे मंडल, लहान तो अड्ढमंडल. मधल्या पट्ट्याला विवट्ट, त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना अनुविवट्ट म्हणतात. मानेवर, पोटरीवर आणि हातावर येणाऱ्या भागांना वेगळी नावे आहेत. कापून, जाडेभरडे शिवून झालेले असे वस्त्र श्रमणाला शोभते आणि त्यावर कोणाचा डोळा जात नाही, असे कारण तिथेच दिले आहे. तुकडे झालेल्या कापडाला बाजारात भाव येत नाही. दान कितीही भारी असले तरी कात्री लागली की त्याची किंमत संपते. पांसुकूलात जे काम योगायोगाने होत असे, ते आता हेतुपूर्वक होऊ लागले. चिंधी उरली नाही तरी चिंधीचा आकार टिकला.

संख्येलाही मर्यादा आली. काही भिक्षू वस्त्रांची गाठोडी डोक्यावर आणि खांद्यावर घेऊन फिरताना दिसल्यावर बुद्धाने ऐन हिवाळ्यातल्या एका रात्री स्वतः उघड्यावर बसून, थंडी वाढेल तसे एकेक वस्त्र घेत, किती पुरेल याची परीक्षा केली, अशी कथा आहे. त्यानंतर संघाटी (बाहेरून पांघरायचे), उत्तरासंग (वरचे) आणि अंतरवासक (खाली नेसायचे) अशी तीन वस्त्रे ठरली. कापड नवे असेल तर संघाटी दुहेरी आणि बाकीची दोन एकेरी. कापड वापरून विरलेले असेल तर संघाटी चौपदरी आणि बाकीची दुहेरी. पांसुकूल असेल तर हवे तितके थर. थरांचा हा हिशेब पाहता देहाला छळणे हा नियमाचा हेतू नव्हता, हे स्पष्ट होते. थंडी निवारणे हा वस्त्राचा उपयोग मान्य आहे. त्यापलीकडचा संचय तेवढा नाकारला आहे. कापड कापून शिवण्याचा नियम वर्षावासानंतरच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामानंतरच्या, कठिन विधीतही दिसतो. संघाला मिळालेले कापड त्याच दिवशी कापून, किमान पाच खंड जोडून, शिवून आणि रंगवून तयार व्हावे लागते आणि त्यासाठी भिक्षू एकत्र बसतात.

वस्त्राचा शेवटही विचारात घेतलेला आहे. कोसंबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे उत्तरीये दिली, तेव्हा इतक्या वस्त्रांचा व्यापार करणार काय, या संशयाने राजाने त्याला विचारले. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आनंदाची उत्तरे ओळीने येतात. ही वस्त्रे ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटली जातील. त्यांच्या जुन्या वस्त्रांची आच्छादने होतील, जुन्या आच्छादनांचे गादीचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची जमिनीवरची बिछायत, तिची पायपुसणी, त्यांची झाडणी आणि शेवटी त्यांचे तुकडे करून चिखलात कालवून जमीन लिंपली जाईल. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. कापडाचा कोणताही टप्पा वाया न घालवणे हा या कथेतला गुण आहे. पण तो वैराग्याहून वेगळा आहे. महाराष्ट्रातल्या घराघरांत जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर लावून, धावदोरा घालून शिवलेल्या गोधडीत किंवा वाकळीत हीच काटकसर असते, तिथे संन्यासाचा प्रश्नच नसतो. काटकसर वस्तूचे मोल जपते. पांसुकूलाचे व्रत वस्तूवरचा आपला हक्क सोडते.

ऐच्छिक आणि सक्तीची गरिबी यांतला फरक देवदत्ताच्या प्रसंगात ठळक होतो. संघातल्याच या भिक्षूने बुद्धापुढे पाच मागण्या ठेवल्या. भिक्षूंनी जन्मभर अरण्यात राहावे, फक्त भिक्षेवर जगावे, फक्त पांसुकूल वापरावे, झाडाखाली राहावे आणि मासे-मांस वर्ज्य करावे, आणि जो मोडील तो दोषी ठरावा. वरवर पाहता या मागण्या संघाला अधिक शुद्ध करणाऱ्या होत्या. बुद्धाने त्या नाकारल्या. ज्याला पांसुकूल वापरायचे त्याने वापरावे, नको त्याने दान घ्यावे, हे जुनेच उत्तर त्याने दिले. सक्तीच्या व्रताने पहिली हानी व्रताचीच होते, कारण पाळणारा ते पाळतो की शिक्षेला भितो, हे मग ठरवता येत नाही. शिवाय अधिक फाटके वस्त्र घालणारा अधिक श्रेष्ठ, असा मान निर्माण होतो आणि सोडलेला अहंकार दुसऱ्या दाराने परत येतो.

महाकस्सपाचा प्रसंग या भूमिकेची दुसरी बाजू दाखवतो. धुतांगे पाळणाऱ्या भिक्षूंत त्याला अग्रस्थान होते. तो वृद्ध झाल्यावर, अंगावरचे जड तागाचे पांसुकूल आता सोडावे आणि गृहस्थांनी दिलेली वस्त्रे वापरावीत, असे बुद्धाने त्याला सुचवले. त्याने ते नम्रपणे नाकारले. या जगण्यात आपल्याला सुख आहे आणि पुढच्या पिढ्यांना हा मार्ग डोळ्यांसमोर राहील, अशी दोन कारणे त्याने दिली आणि बुद्धाने त्याला अनुमोदन दिले. देवदत्ताला नकार आणि कस्सपाला होकार यांत विसंगती नाही. चिंध्या दोघांनाही हव्या होत्या. एकाला त्या सर्वांवर बांधायच्या होत्या, दुसऱ्याने त्या स्वतःपुरत्या निवडल्या होत्या.

चिंधीला मान मिळाला की तिची नक्कल होऊ लागते. जपानमध्ये सम्राट शोमूच्या मृत्यूनंतर 756 साली सम्राज्ञी कोम्योने नारा येथील तोदाइजी मंदिराला त्याच्या वस्तू अर्पण केल्या. त्या वस्तूंच्या यादीत सर्वांत आधी त्याच्या नऊ काषायांची, म्हणजे चीवरांची, नोंद आहे. शोसोइन भांडारात जपलेल्या या काषायांपैकी काही पांसुकूलासारखी दिसतात. निरनिराळ्या रंगांचे वेडेवाकडे तुकडे थरांवर मांडून दाट धावदोऱ्याने शिवले आहेत. पण ते तुकडे रेशमाचे आहेत. याकडे दांभिकपणा म्हणून पाहता येते, तसेच राजानेही या आकारापुढे मान तुकवली म्हणून पाहता येते. तेराव्या शतकातला झेन आचार्य दोगेन याने ‘शोबोगेन्झो’मधील काषायावरील प्रकरणात या वादाला वेगळे वळण दिले. टाकून दिलेले कापड उचलले की ते रेशीमही राहत नाही आणि तागही राहत नाही, ते फक्त पांसुकूल असते, असे त्याचे म्हणणे. भारी की हलके, ही तुलना मनात चालू असेपर्यंत माणूस चिंधीतही किंमतच शोधत असतो.

इस्लामी जगात सूफींच्या ठिगळांच्या झग्यावर, म्हणजे मुरक्क्यावर, असाच विचार झाला. अकराव्या शतकात लाहोरला स्थायिक झालेल्या हुजवीरीने ‘कश्फ अल्-महजूब’मध्ये या वेशावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात वेशाचे समर्थन आहे आणि तो केवळ दिखाव्यासाठी पांघरणाऱ्यांवर टीकाही आहे. सुदानमध्ये 1881 साली स्वतःला महदी म्हणवणाऱ्या धर्मनेत्याने उठाव केला तेव्हा त्याच्या अनुयायांनी फकिराचा ठिगळांचा झगा सक्तीचा वेश म्हणून स्वीकारला. पुढच्या काही वर्षांत ही ठिगळे सुबक, दोन्ही बाजूंना सारखी आणि रंगीत होत गेली आणि झग्यावरून सरदार ओळखू येऊ लागले. ठिगळ फाटके झाकण्यासाठी उरले नाही, ते गणवेशाचे चिन्ह झाले. सक्ती आली की वैराग्याच्या खुणेची हुद्द्याची खूण होते, हे देवदत्ताला मिळालेल्या नकारामागचे तर्कशास्त्र इथे इतिहासात घडलेले दिसते.

सक्तीचे याहून क्रूर रूप भारतातच आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे सांगितले आहे. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात प्रेतावरचे वस्त्र महारांकडे जात असे आणि त्याला हक्क म्हणत. कडक पांसुकूलव्रती जे कापड स्मशानातून उचलतो, तेच हे कापड. एकाने ते राजवाड्याचे दान नाकारून घेतले आहे, दुसऱ्याला दुसरे काही नेसण्याची मुभाच नाही. पहिल्याच्या अंगावर ते स्वातंत्र्याचे चिन्ह ठरते, दुसऱ्याच्या अंगावर शिक्षेचे. गुण कापडात असता, तर दोन्हीकडे तो सारखाच दिसला असता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली महाड येथील परिषदेत मनुस्मृतीचे दहन केले. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी अस्पृश्य स्त्रियांना जातीची खूण ठरलेली पेहरावाची जुनी रीत सोडण्यास सांगितले. 1950 साली बौद्ध धर्माच्या भवितव्यावर लिहिलेल्या लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या मांडल्या. धर्माने गरिबीला पावित्र्य देता कामा नये, ही त्यांपैकी एक. ज्याच्याकडे संपत्ती आहे त्याने ती सोडणे श्रेयस्कर असू शकते, पण मुळातली गरिबी कधीच नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. चिंध्यांचे चीवर असणारा धर्म आणि गरिबीचे उदात्तीकरण नाकारणारा विचार एकमेकांविरुद्ध वाटतात, पण जीवक, देवदत्त आणि कस्सप यांच्या कथांतून निघणारा निष्कर्षही तोच आहे. त्याग करण्यासाठी आधी हक्क असावा लागतो.

गाडगेबाबांनी (1876–1956) ठिगळांचा वेश पांघरला तो याच अर्थाने. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. हातात झाडू घेऊन ते गावे झाडत आणि मिळालेल्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या करत. स्वतःसाठी फाटके आणि इतरांसाठी पक्के छप्पर, हा त्यांचा हिशेब होता. इतरांनीही फाटके नेसावे, अशी शिकवण त्यांनी दिली नाही. उलट लोकांनी स्वच्छ राहावे, कर्ज काढून सण करू नयेत आणि मुलांना शिकवावे, असे ते सांगत.

या सर्व उदाहरणांतून चिंध्यांच्या वस्त्राला धार्मिक अर्थ येण्याच्या तीन अटी दिसतात. ते नाकारण्याचा पर्याय घेणाऱ्याला खरोखर असला पाहिजे. ते इतरांवर नियम म्हणून लादता कामा नये. आणि त्यातून प्रतिष्ठा मिळू लागली, तर ती प्रतिष्ठाही सोडण्याची तयारी हवी. पहिली अट सुटली की चिंधी अपमान होते, दुसरी सुटली की गणवेश होते, तिसरी सुटली की दागिना होते. तिन्ही अटी पाळल्या गेल्या, तर कापड स्मशानातले आहे की राजाने दिलेले, याने नैतिकदृष्ट्या फरक पडत नाही. म्हणूनच विनयाने रेशमाला बंदी केली नाही, फक्त ते कापून शिवण्याची अट घातली.