आधी खरं सांगू, मग खाऊ नको म्हणू

काय खावं हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिकवण्यासाठी शाळा आता ऑनलाइन धड्यांकडे वळू लागल्या आहेत. चित्रफिती, प्रश्नमंजूषा, मोबाइलवर भरायची आहाराची नोंदवही असं त्यांचं स्वरूप असतं. गरज खरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. वाढीच्या वयातलं हे दुखणं त्यांच्या अभ्यासावर, खेळावर आणि पुढे त्यांच्या बाळंतपणावरही सावट टाकतं. तरीही हेतू चांगला असला की शिकवणाऱ्याचं काम संपत नाही. आपण मुलांशी खरं बोलतो आहोत का, हे त्याने स्वतःला विचारायला हवं.

ज्या पडद्यावर मुलगा आहाराचा धडा पाहतो, त्याच पडद्यावर थोड्या वेळाने त्याचा आवडता खेळाडू त्याला थंड पेय प्यायला सांगतो. अशा वेळी ‘हे आरोग्याला वाईट आहे’ एवढं सांगून भागत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका शाळेतला प्रयोग इथे आठवतो. ख्रिस्तोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. आठवीतल्या काही मुलांना नेहमीचा आरोग्याचा पाठ दिला. इतरांना, कंपन्या चटक लागेल असे पदार्थ कसे घडवतात आणि मुलांना फसव्या जाहिरातींनी कसं ओढतात, ते वाचायला दिलं. मग टॅबलेटवर जाहिराती देऊन सांगितलं, यात खोडून, लिहून त्या खऱ्या करा. पुढचे तीन महिने या गटातल्या मुलग्यांची शाळेच्या उपाहारगृहातली अपायकारक खाण्यापिण्याची खरेदी पहिल्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी कमी राहिली. मुलींच्या खरेदीत मात्र दोन्ही गटांमध्ये असा फरक दिसला नाही.

या वयात कुणी आज्ञा केली की मन बंड करतं, आणि कुणी आपल्याला फसवतंय हे कळलं तरीही बंड करतं. दुसऱ्या बंडाला दिशा देणं हे शिक्षकाचं काम आहे. मुलांना विचार करणारी माणसं मानलं, तरच ते साधतं.

आपल्याकडच्या धड्यानेही हेच करावं. बाटलीवरचं लेबल मुलांनाच वाचू द्यावं, म्हणजे ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३० ग्रॅम साखर आहे हे गणित त्यांचं तेच मांडतील. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं की लोह जास्त अंगी लागतं आणि जेवणाबरोबर चहा घेतला की ते कमी शोषलं जातं, हे सांगावं. भाकरी, शेंगदाणे, गूळ, अंडं, पेरू, आवळा ही नावं धड्यात यावीत. परवडतच नाही अशी फळं आणि सुकामेवा दाखवून गरिबाघरच्या मुलाला आपलं ताट उणं वाटायला लावू नये.

आणखी एक मर्यादा पाळायलाच हवी. वर्गाच्या ग्रुपवर कुणाचं वजन जाहीर होऊ नये. डब्याचा फोटो सक्तीने मागू नये. डब्यातून घरची मिळकत कळते, जात आणि धर्मही कळतो. जेवणाबद्दल शरम वाटायला लावणारा धडा मुलांचं पोषण करत नाही, त्यांना इजा करतो.

आता मोठ्यांच्या बाजूचा हिशेब पाहू. जास्त मेद, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकू नयेत, असा नियम केंद्राने २०२० मध्ये केला आहे. आपल्या शाळेबाहेर उभं राहून कुणीही तो ताडून पाहावा. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववीत, भूक सर्वांत वाढलेली असताना, तो थांबतो. महाराष्ट्रात पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याची सोय झाली होती. २०२५ च्या सुरुवातीला सरकारने त्याचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून पैसे उभे करायला सांगितलं. प्रथिनांचं महत्त्व पडद्यावर शिकवायचं आणि ताटातलं अंडं काढून घ्यायचं, यात प्रामाणिकपणा नाही.

मुलांवर जेवढी जबाबदारी टाकू, तेवढी आधी आपण उचलली पाहिजे. म्हणून पालकांना आणि शिक्षकांना विनंती आहे. शाळेतल्या पुढच्या पालकसभेत तीन प्रश्न विचारा: गेटबाहेर काय विकलं जातं, उपाहारगृहात काय मिळतं आणि नववी-दहावीच्या मुलांच्या दुपारच्या जेवणाचं काय? या प्रश्नांची उत्तरं द्यायची आपली तयारी असेल, तरच मुलांना आहाराचा धडा उघडायला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे.