सारथीच झिंगला तर?

कठोपनिषदात देहाला रथ म्हटले आहे. इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी. सज्जनहो, हा दृष्टांत आम्ही कैक वर्षे कीर्तनातून सांगत आलो. आता आमच्या मुळशी खोऱ्यात तो डोळ्यांनी पाहावा लागतो. आषाढ अमावास्या म्हणजे दिव्यांची अवस, घरोघर दिवे उजळून पूजावयाचे. तिचीच लोकांनी 'गटारी' केली! पौडवरून ताम्हिणीकडे पावसात गाड्या धावतात. डिकीत काय असते ते सांगावयास नको.

मद्य पाय लटपटविते ते मागाहून, बाबांनो. आधी ते सारथ्याला गाठते. पिणाऱ्यास वाटते, 'मी तर अगदी ठीक आहे', आणि हे वाटणे हीच झिंग. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात 16 मीटरांहून अधिक पुढे जाते. ब्रेकवर पाय पडण्यास तेवढाच उशीर झाला, तर वाटेने चालणाऱ्याचे काय? कोणी म्हणतो, लिंबू प्यालो, तोंड धुतले, उतरली. अशी उतरत नाही हो! यकृत आपल्या गतीनेच ते विष काढते. गांजाला 'प्रसाद' म्हणणारेही आहेत. फुंकर मारावयाच्या यंत्रात तो सापडत नाही, एवढेच; सारथी त्यानेही पेंगतो.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन मुलगा मद्य पिऊन ती चालवीत होता, असा आरोप झाला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. निवाडा न्यायालय करील. पण लेकरासाठी कोणी रक्त बदलू पाहत असेल, तर त्यास आम्ही माया म्हणणार नाही.

100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य असता गाडी चालविणे हा मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमाने गुन्हा आहे. त्यास चिथावणी देणाराही 188 व्या कलमाने शिक्षेस पात्र ठरतो.

'आमच्या गळ्यात माळ, आम्हांस काय त्याचे?' असे म्हणू नका. दिंडीचा ट्रक कोण चालवितो? कार्तिकीला आळंदीस निघताना दिंडीचालकाने ड्रायव्हरजवळ घटकाभर बसावे, बोलावे. संशय आला तर किल्ली मागून घ्यावी, 'दादा, आज तुम्ही मागे निजा' म्हणावे, आणि दुसरा माणूस मिळेतो सामान तिथेच राहू द्यावे. पंगत उशिरा बसेल, बसू द्या.