खुर्द

मननार्थ शास्त्रभाग : मीखा, अध्याय ५, वचन २



आपल्या भंडारा जिल्ह्यातील गावांची यादी कोणी वाचून पाहील, तर त्यास एक शब्द पुनःपुन्हा आढळेल. तो शब्द ‘खुर्द’ हा होय. एकाच नावाची दोन गावे असली म्हणजे थोरल्यास बुजरुक व धाकट्यास खुर्द म्हणावयाचे, ही वहिवाट फारसी दप्तराच्या काळापासून चालत आली आहे. खुर्द म्हणजे लहान. ज्या गावाच्या नावास हा शब्द एकदा चिकटला, त्याचे लहानपण सरकारी कागदावर कायमचे लिहिले गेले. पुढे तेथे कितीही घरे वाढोत, कितीही धान पिको, दप्तरात ते खुर्दच राहते.

संदेष्टा मीखा ह्याने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात अशाच एका खुर्द गावास हाक मारिली आहे. यहूदाच्या कुळांची मोजदाद होत असता जे गाव हिशेबात धरण्याजोगेही नव्हते, त्या बेथलेहेमास तो सांगतो की, देवाच्या लोकांचा अधिपती तुझ्यातून निघेल. हे वचन आपण नाताळाच्या दिवसांत दरवर्षी ऐकतो, आणि ऐकून ऐकून त्यातील आश्चर्य आपणांस वाटेनासे झाले आहे. म्हणून आज हे वचन आपल्या नदीच्या काठी आणून वाचू या.

आपली वैनगंगा मध्यप्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावापाशी उगम पावते, बालाघाटाकडून आपल्या मुलुखात येते, आणि बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद अशा नद्यांचे पाणी पोटात घेऊन दक्षिणेस जाते. पुढे वर्धा नदीस मिळाल्यावर ती प्राणहिता होते व अखेरीस गोदावरीस जाऊन मिळते. ह्या नदीच्या काठी, पवनी तालुक्यात, गोसेखुर्द नावाचे खेडे आहे. तालुक्याबाहेर त्याचे नाव कोणी घेत नसे. नदी होती, बांध्या होत्या, पावसाळ्यात रोवणी आणि धान निघाल्यावर त्याच ओलाव्यावर लाखोळी. ढिवरांचे डोंगे, आणि उन्हाळ्यात पात्र उघडे पडले म्हणजे वाळूत डांगरवाड्या. अशी शेकडो गावे ह्या काठी होती व आहेत.

सन १९८३ मध्ये ह्या गावाच्या नावाने एका धरणाची योजना मंजूर झाली. तिचा खर्च ३७२ कोटी रुपये धरिला होता. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते पायाभरणी झाली. अकरा किलोमीटरांहून लांब भिंत, तेहतीस दरवाजे, डावा कालवा व उजवा कालवा, आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर ह्या तीन जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर भूमीस पाणी, असा तो संकल्प होता. सन २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाची पदवी मिळाली. सरकारने धरणास इंदिरा सागर असे थोर नाव दिले. तथापि लोकांच्या तोंडी गोसेखुर्द हेच नाव राहिले. एका धाकट्या गावाचे नाव दिल्लीच्या कागदांत गेले.

परंतु नाव मोठे होणे आणि गाव मोठे होणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. भिंतीच्या वरच्या बाजूस, भंडारा व पवनी तालुक्यांत, तसेच नागपूर जिल्ह्याच्या कुही व भिवापूर तालुक्यांत, गावेच्या गावे बुडिताखाली आली. ज्यांच्या बांध्या पाण्यात गेल्या त्यांस मोबदला, नवे गावठाण, रस्ता, विहीर, शाळा, स्मशानभूमी अशा अठरा नागरी सुविधा द्यावयाच्या होत्या. त्यांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढिले, उपोषणे केली. सन २०१३ मध्ये शासनाने सुमारे बाराशे कोटी रुपयांची विशेष तरतूद जाहीर केली. म्हणजे पायाभरणीच्या दिवशी जे मूल जन्मले, ते पंचवीस वर्षांचे होईपर्यंत त्याच्या बापाच्या भूमीचा प्रश्न बोलला जात होता.

आता मीखाकडे वळू या. हा संदेष्टा यरुशलेमेचा नव्हता. तो मोरेशेथ नावाच्या खेड्यातला माणूस होता. बेथलेहेमाविषयीचे गोड वचन आपण पाठ करितो, पण त्याच ग्रंथाचा दुसरा अध्याय क्वचितच उघडितो. तेथे तो त्या लोकांचा निषेध करितो, जे रात्री अंथरुणावर पडून बेत करितात आणि उजाडताच दुसऱ्याचे शेत आपलेसे करितात; ज्यांच्यामुळे स्त्रियांना त्यांच्या आवडत्या घरांतून निघावे लागते व लेकरांचे वैभव हिरावले जाते. लक्षात घ्या, जो मुख लहान गावास धीर देतो, तेच मुख लहान गावाचे शेत घेणाऱ्यास दटाविते. ही दोन्ही वचने एकाच देवाची आहेत. एक ठेवून दुसरे टाकणे आपल्या हाती नाही.

येथे कोणी म्हणेल, धरण बांधणे हे पाप आहे काय? तसे मी म्हणत नाही. उजव्या कालव्याच्या टोकाकडे ज्या शेतकऱ्याचे धान एका पावसाच्या खंडाने वाळून जाते, तोही देवाचेच लेकरू आहे. आपल्या पूर्वजांनीही ह्या जिल्ह्यात शेकडो तलाव व बोड्या बांधिल्या, म्हणूनच हा तलावांचा जिल्हा म्हणविला जातो. पाणी अडविणे हे पुण्याचे काम असू शकते. प्रश्न इतकाच की, ज्याच्या घरावरून ते पाणी पसरले, त्यास आपण कोणत्या वजनाने मोजिले? मीखाच्या सहाव्या अध्यायात खोट्या मापाचा व कपटाच्या वजनांचा धिक्कार आहे. ह्या धरणाच्या कालव्यांच्या कामांतही गैरव्यवहाराचे आरोप झाले, चौकशा झाल्या व गुन्हे नोंदविले गेले. त्यांचा निकाल देणे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. आपले काम स्वतःच्या घरातील माप तपासण्याचे आहे. त्यासाठी त्याच सहाव्या अध्यायात देव आपणांपासून जे मागतो, ते तीन शब्दांत घेऊ : न्याय, दया आणि नम्रता.

प्रथम, न्याय. जे वाचक प्रकल्पग्रस्त आहेत त्यांस मी सांगतो की, आपला हक्क मागणे म्हणजे देवाविरुद्ध कुरकुर करणे नव्हे. मीखाच्या मागून सुमारे शंभर वर्षांनी यिर्मयाच्या काळातील वडील मंडळींनी आठवण दिली की, त्या खेडुताचे बोलणे हिज्कीया राजाने ऐकिले होते व तो देवास भ्याला होता. खेड्यातला शब्द राजधानीत पोहोचला व राजाने तो मानिला. म्हणून अर्ज लिहा, पावती घ्या, सभेस जा. पण खोटे नाव घालू नका, नसलेले झाड मोजून दाखवू नका, आणि चिडून कोणावर हात उगारू नका. आणखी एक. मोबदल्याची रक्कम घरात आली त्या दिवशी न्यायाची परीक्षा आपल्याच उंबरठ्यावर सुरू होते. बहिणीचा वाटा तिला विचारून ठरला काय? विधवा भावजयीस न वाचता अंगठा लावावयास लाविले नाही ना? तीन पिढ्यांना पोसणारी बांधी एका कागदात आली, आणि तो कागद मोटारसायकल, लग्नाचा थाट व दारू ह्यांत दोन वर्षांत सरला, तर लेकरांचे वैभव हिरावणारा कोण? तेव्हा सरकारकडे बोट दाखविता येणार नाही.

दुसरे, दया. ज्यांची गावे बुडाली नाहीत, त्यांच्याशी हे बोलणे आहे. तुमच्या शिवाराला लागून नवे गावठाण वसले असेल. तेथील लोकांस तुम्ही कोणत्या नावाने हाक मारिता? ‘पुनर्वसनवाले’ असे म्हणून आपण त्यांचे गाव दुसऱ्यांदा बुडवीत नाही काय? त्यांच्या जनावरांस चराई नाही, त्यांच्या म्हाताऱ्यांस पारावर ओळखीचे माणूस नाही, मेलेल्यांस माती द्यावयाची तर ती जागाही परकी. ज्याने आपले पूर्वज जेथे पुरले ती भूमी पाण्याखाली जाताना पाहिली, त्यास शेजाऱ्याने विहिरीवर अडविले म्हणजे त्याच्या मनाचे काय होत असेल! मंडळीच्या पंचांनी ह्या आठवड्यात तेथे जावे. उपदेश करावयास नव्हे. बसावे, आणि त्यांचे जुने गाव कसे होते ते सांगावयास लावावे. कोठे चिंच होती, कोठे पांदण वळत होती, कोणत्या वळणावर डोंगा लागत असे, हे सर्व ऐकून घ्यावे. ऐकून घेणे ही दया फुकटची आहे, पण ती क्वचितच कोणी देतो. आणि ज्याच्या बांधीस कालव्याचे पाणी मिळून दुसरे पीक निघाले, त्याने कापणीच्या उपकारस्तुतीत त्या पाण्याखालील घरांची आठवण करावी, व आपल्या पहिल्या पायलीतील वाटा नव्या गावठाणातील एखाद्या गरजू घरी पोहोचता करावा.

दयेचा आणखी एक प्रकार शहरवासीयांकडून देणे आहे. नागपुरातून वाहणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानेस मिळते, आणि कन्हान ते वैनगंगेच्या पदरात घालिते. अशा रीतीने थोर नगराने जे धुऊन टाकिले, ते धाकट्या गावाच्या घागरीपर्यंत व ढिवराच्या जाळ्यापर्यंत येते. आमचे अनेक वाचक व त्यांची मुले आज त्या नगरात नोकरीस आहेत. त्यांनी नळाखाली हात धुताना एवढे स्मरावे की, हे पाणी आईच्या गावाकडेच चालले आहे. शहराने आपली घाण शहरातच शुद्ध करावी असे म्हणणे हे देखील शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे एक अंग आहे.

तिसरे, नम्रता. सन २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस जे झाले ते आपण विसरलो नाही. वर मध्यप्रदेशात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले, गोसेखुर्दचे दरवाजे उघडले, आणि भंडारा शहरापासून खाली ब्रह्मपुरी व गडचिरोलीपर्यंत घरे व पिके पाण्यात गेली. त्या रात्री कोणाचे घर बुजरुकात व कोणाचे खुर्दात, हे पुराने विचारिले नाही. ज्या मनुष्याने नदीस तेहतीस दारे लाविली, त्यास आभाळास एकही दार लाविता आले नाही. पवनीलाच पाहा. सन १९६९-७० मध्ये तेथे उत्खनन झाले, तेव्हा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष मातीखालून निघाले. एके काळी किती यात्रेकरू तेथे येत असतील. मग कित्येक शतके त्यावर माती पडून राहिली. थोरपणाचा भरवसा धरू नये हे आपल्या तालुक्याची जमीनच सांगते.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्याही बहुधा खुर्दच आहेत. चार-पाच घरे, एक पेटी, कधी पाळक येतो, कधी नाही. तरुण मुले पुण्या-नागपुरास गेली. रविवारी म्हातारी माणसे तेवढी जमतात. मग मनात येते की, आपल्याकडून काय होणार? ह्यासच उत्तर म्हणून मीखाचे ते वचन आहे. देवाने बेथलेहेमास मोठे शहर केले नाही. तो स्वतः त्या लहान गावी आला, गव्हाणीत निजला, आणि पुढे नासरेथासारख्या अप्रसिद्ध खेड्यात तीस वर्षे हातांनी काम करून राहिला. लहान गावास मोठे करून मग त्याचा उपयोग करावा, अशी त्याची रीत नाही. जे आहे तेथे तो उतरतो. बेथलेहेम ह्या नावाचा अर्थ भाकरीचे घर असा आहे. आपले गाव धानाचे घर आहे. ज्या घरात धान आहे आणि शेजाऱ्यासाठी दार उघडे आहे, त्या घरी उतरावयास त्यास कमीपणा वाटत नाही.

आणि ज्यांचे गाव आता पाण्याखाली आहे, जे उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे काठावर उभे राहून आपल्या अंगणाची जागा शोधतात, त्यांस एवढेच सांगावयाचे आहे : सरकारी दप्तरातून गावाचे नाव कमी होऊ शकते; ज्याने बेथलेहेमाची आठवण सातशे वर्षे ठेविली, त्याच्या दप्तरातून ते कमी झालेले नाही. त्याचे नाव तुमच्या लेकरांना शिकवा. नव्या अंगणात चिंचेचे रोप लावा. तुमची सावली तुमच्या नातवंडांस मिळेल.

प्रार्थना करू या. हे प्रभो, तू धाकट्या गावांचा देव आहेस. ज्यांची भूमी पाण्यात गेली त्यांस न्याय मिळू दे; ज्यांस त्या पाण्याने पीक मिळाले त्यांस कृतज्ञता दे; ज्यांच्या हाती माप व वजन आहे त्यांस तुझे भय दे. आमच्या लहान मंडळ्यांत येऊन राहा. येशूच्या नावाने. आमेन.