नजरबादचे दगड

शाळेच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' या धड्याखाली एक प्रश्न हमखास असतो. हमाल डोक्यावर ओझं घेऊन सपाट फलाटावरून चालत जातो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने किती कार्य केलं? उत्तर शून्य. बल उभं, विस्थापन आडवं, दोन्हींमधला कोन ९० अंशांचा, आणि ९० अंशांची कोज्या शून्य. मी हा धडा अनेक वर्षं शिकवत आले. गणित सगळ्यांना पटतं. तरीही दर वर्षी एखादं पोर विचारतंच, 'मग त्याला घाम का येतो?'

या प्रश्नाला शरीरशास्त्रातलं उत्तर आहे आणि ते मी पुढे देणारच आहे. पण त्या पोराला नुसतं तेवढंच विचारायचं नसतं. ज्या श्रमाच्या शेवटी हिशेबात काहीच उरत नाही, ते श्रम झालेच नाहीत असं म्हणायचं का, असा तो प्रश्न आहे.

म्हैसूरमध्ये मी जिथे राहते, त्या नजरबादच्या नावामागेच याचं एक अवाढव्य उदाहरण दडलेलं आहे. १७८७च्या सुमारास टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडायला लावला. वोडेयर घराण्याच्या राजधानीची खूण राहू नये हा त्यामागचा हेतू होता, असं इंग्रज इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. त्या किल्ल्याचे दगड पूर्वेला सुमारे मैलभरावरच्या उंचवट्यावर नेले आणि तिथे नवा किल्ला बांधायला घेतला. तोच नजरबाद. तो पुरा झालाच नाही. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, जेमतेम पाच वर्षांच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांना गादीवर बसवलं गेलं, आणि म्हैसूर पुन्हा उभं करायचं ठरलं. दगड कुठून आणायचे? नजरबादहून. बारा वर्षांपूर्वी गेलेले दगडच परत आले.

फलाटावरच्या हमालापेक्षाही इथलं शून्य जास्त पक्कं आहे. दगड जिथून निघाला तिथेच परत आला, म्हणजे विस्थापन शून्य. उंचवट्यावर चढवताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जेवढं कार्य झालं, तेवढंच उतरताना गुरुत्वाकर्षणाने परत दिलं. बंद मार्गावर बेरीज शून्य, हा नियम कुठल्याही राजवटीत बदलत नाही.

आता घामाकडे येऊ. टेबलावर ठेवलेलं पुस्तक टेबल वर्षानुवर्षं पेलतं आणि त्याला जेवायला लागत नाही. तेच पुस्तक हात लांब करून दहा मिनिटं धरून पाहा. स्नायू खुंटीसारखा अडकून राहत नाही. त्याचे तंतू एकमेकांना पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात, आणि दर पकडीला इंधन जळतं. पुस्तक तसूभरही हलत नाही, पण आत ऊर्जा खर्च होतच असते आणि तिची उष्णता होते. ओझं घेऊन चालणाऱ्याच्या मानेत, पाठीत, पोटऱ्यांत हेच चाललेलं असतं.

थोडे आकडे मांडू. ५० किलोचा दगड दीड मीटर उचलायला ७३५ ज्यूल लागतात. असे १०० दगड उचलले तर ७३,५०० ज्यूल, म्हणजे जेमतेम १८ किलोकॅलरी. चतकोर भाकरीत भागावं एवढीच ही रक्कम. दिवसभर दगड उचलणाऱ्याला चतकोर भाकर देऊन पाहावं! अन्नातल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा शरीर बाहेरच्या कामात उतरवू शकतं. बाकीची उष्णता होऊन जाते. शिवाय वाकणं, तोल सांभाळणं, दगड अलगद खाली ठेवणं, रिकाम्या हाताने मागे येणं, यांचा खर्च वेगळाच.

म्हणून भौतिकशास्त्राला निष्ठुर म्हणणं मला पटत नाही. त्याच्याकडे दोन वह्या आहेत. गुरुत्वाकर्षणाच्या वहीत जाणं-येणं एकमेकांना खोडून काढतं. घर्षणाच्या वहीत मात्र जातानाचा खर्चही खर्चच आणि येतानाचाही खर्चच. तिथे वजाबाकी नसते. नजरबादच्या शेजारच्या कारंजी तलावावर लाट येते तेव्हा पाण्यावरचं पान वर-खाली होऊन जवळजवळ मूळ जागीच थांबतं. नुसत्या पानाकडे पाहिलं तर काहीच झालं नाही, पण ऊर्जा केव्हाच काठाला जाऊन पोहोचलेली असते. शून्य हे उत्तर बरोबरच आहे. ते ओझ्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चूक होते ती ते वाहणाऱ्याबद्दलच्या प्रश्नाला लावल्यावर.

हा फरक जुन्या लोकांना ठाऊक होता. विद्युतभाराच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला शार्ल कुलोम हा मुळात लष्करी अभियंता. त्याने तारुण्यातली आठेक वर्षं मार्तिनिक बेटावर किल्ला बांधण्यात घालवली. पुढे, म्हणजे नजरबादचे दगड परतण्याच्या सुमाराला, त्याने माणूस दिवसभरात किती काम करू शकतो यावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने कामाचा परिणाम आणि माणसाचा थकवा या दोन वेगळ्या राशी धरल्या. ठराविक थकव्यात जास्तीत जास्त परिणाम कसा मिळवावा, हा त्याचा प्रश्न होता. उद्देश मालकाच्या फायद्याचा असेल, पण थकवा निदान त्याच्या समीकरणात होता. १८२९मध्ये कोरिओलिसने बल गुणिले अंतर या राशीला 'श्रम' या अर्थाचा फ्रेंच शब्द दिला. यंत्रांची तुलना करायला ती राशी उत्तम होती. मात्र मजुराचा शब्द यंत्राकडे गेला आणि थकवा समीकरणाबाहेर राहिला.

मराठीत निदान शब्दांची सोय आहे. पाठ्यपुस्तकाने 'कार्य' हा शब्द निवडला, आणि कार्य म्हटलं की आपल्याला ते सिद्धीस गेलेलंच आठवतं. 'कार्य शून्य' म्हणताना जीभ अडखळत नाही. 'कष्ट शून्य' म्हणून पाहा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नुसते कष्ट म्हणजे मोठेपण नव्हे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, त्याचं कौतुक कुणी करत नाही. घाम हाच मोजायचा तर जो कमी घामात जास्त काम करतो तो मूर्ख ठरेल. हे मला मान्य आहे. पण न्हावी तुंबड्या स्वतःच्या मर्जीने लावतो. नजरबादला दगड कुणी स्वतःच्या हौसेने नेले नाहीत की परत आणले नाहीत. काम व्यर्थ गेलं का, हा प्रश्न हुकूम देणाऱ्याला विचारायचा. वाहणाऱ्याला किती देणं लागतो, हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर शून्य आलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर कमी होत नाही. एक हुकूम पाडण्यासाठी होता, दुसरा उभारण्यासाठी. पाठीला दोन्हींचं ओझं तेवढंच.

महाराष्ट्राने हा फरक एकदा कायद्यात आणला आहे. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी तर ठरलीच, पण तिच्यावर मालकाकडून लेव्हीही घेतली जाऊ लागली. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाणी यांची तरतूद होते. पोतं कुठून कुठे गेलं हे मजुरीत, आणि मान-गुडघे किती झिजले हे लेव्हीत. या दोन वह्या शास्त्रज्ञांनी नव्हे, हमालांनी लढून मिळवल्या. १०० किलोचं पोतं ५० किलोवर आणा, ही त्यांची मागणीही त्याच दुसऱ्या वहीतली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७मध्येच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती.

एक काम मात्र अजून पहिल्याच वहीत अडकलेलं आहे. भांडी फळीवरून निघतात आणि घासून फळीवर परत जातात. कपडे दोरीवरून कपाटात, अंगावर आणि पुन्हा दोरीवर. संध्याकाळी घर सकाळी होतं तसंच दिसतं, आणि तसं दिसणं हेच त्या कामाचं यश असतं. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. देशाच्या उत्पन्नात या मिनिटांची नोंद नाही, कारण हिशेब अजून भांड्याच्या बाजूने मांडला जातो, आणि भांडं तर जागच्या जागी आहे.