क्रीडेतील दुसरा

ज्याला मिळवायचे असे काहीच उरलेले नाही, त्याने विश्वनिर्मितीचा हा खटाटोप कशासाठी मांडला, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतकांनी फार पूर्वीच उपस्थित केला आणि त्याला बगल देण्याचा प्रयत्न केला नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच पादात बादरायणांनी तो पूर्वपक्षाच्या रूपाने उभा केला आहे. बुद्धिमान कर्ता प्रयोजनावाचून कशातही प्रवृत्त होत नाही. ब्रह्म तर आप्तकाम. तेव्हा प्रयोजन मानावे तर त्याच्या पूर्णत्वाला बाध येतो आणि न मानावे तर त्याची कृती उन्मत्ताच्या कृतीहून वेगळी राहत नाही, असा हा पेच आहे. त्याला सूत्रकारांनी दिलेले उत्तर म्हणजे लीला. आणि ते विशद करताना शंकराचार्यांनी दोन दृष्टांत योजिले आहेत, एक सर्व इच्छा तृप्त झालेल्या राजाच्या अथवा त्याच्या अमात्याच्या क्रीडाविहाराचा, आणि दुसरा बाह्य हेतूवाचून स्वभावतःच चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा. या उत्तराने वेदान्त्यांचे समाधान झाले असेल. परंतु ज्याची एकही इच्छा पुरती तृप्त झालेली नाही असा सामान्य मनुष्य जेव्हा मोबदल्याची अपेक्षा न ठेवता एखादे जग रचावयास बसतो, तेव्हा त्याच्या कृतीचा उलगडा राजाच्या विहाराने होत नाही आणि श्वासानेही होत नाही. अशा मनुष्यांचा एक मोठा समुदाय आज आपल्या डोळ्यांसमोर काम करीत आहे, आणि त्यांच्या कामाकडे पाहून हा जुना प्रश्न पुन्हा विचारण्याजोगा आहे, असे माझे मत आहे.

मी म्हणतो तो समुदाय संगणकावरील खेळ हौसेने रचणाऱ्यांचा. खेळांचा जो प्रचंड व्यापार जगभर चालतो त्याच्याशी यांचा संबंध थोडा. दिवसा कोठे तरी नोकरी किंवा शिक्षण करावे आणि उरलेल्या वेळात एखाद्या पडक्या शहराचे, धुक्याने भरलेल्या रानाचे किंवा कोणत्याही नकाशात न सापडणाऱ्या बेटाचे चित्र पिक्सेलमागून पिक्सेल भरीत बसावे, हा यांच्यापैकी अनेकांचा क्रम. कोणाचा हुकूम नाही, मुदतीचा तगादा नाही, आणि हिशेबाच्या वहीत जमेला लिहावी अशी रक्कमही बहुधा नाही. अर्धेच रंगविलेले अरण्य, काही सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा स्वरांचा तुकडा, शत्रूच नसलेल्या खेळात भय कोठून आणावे असा एखादा प्रश्न, हे सारे ते परस्परांपुढे ठेवतात. कोणी त्याला जोड म्हणून आपले चित्र पुढे करतो, कोणी आपल्याला साधलेली युक्ती हातचे न राखता सांगतो. २००२ साली सुरू झालेल्या 'लुडम डेअर' या उपक्रमात तर एकट्याने ४८ तासांत चित्रे, संगीत आणि आज्ञावली यांसह संपूर्ण खेळ रचावयाचा, मूळ आज्ञावली सर्वांना खुली करावयाची, आणि मग एकमेकांचे खेळ खेळून त्यांचे गुणावगुण सांगावयाचे, असा रिवाजच पडून गेला आहे.

खेळाला फळ असते, ही आपली रूढ समजूत. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटातही ती आहेच: सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि अखेरच्या घरात मोक्ष. दान टाकणाऱ्याला आपण कोठे निघालो आहोत हे पहिल्या घरापासून ठाऊक असते. मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्या खेळांतून हे अखेरचे घरच काढून टाकलेले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोटिअस' या खेळात दर वेळी नवे बेट घडते, खेळणाऱ्याने त्यावर केवळ हिंडावे, जवळच्या झाडाप्राण्यांनुसार भोवतीचे संगीत बदलत जावे, आणि ऋतूंचे एक आवर्तन पुरे व्हावे, एवढाच मामला आहे. जय नाही, पराजय नाही, गुणांची बेरीज नाही. कर्म चालू ठेवून फलाची आसक्ती सोडावी हा गीतेचा उपदेश आपल्या परिचयाचा आहे. येथे मात्र सोडावयास फळच शिल्लक ठेवलेले नाही, आणि म्हणून खेळणाऱ्यापुढे अधिक अवघड प्रश्न उभा राहतो, की ज्या चालण्याने कोठेच पोचावयाचे नाही ते चालणे मला हवे आहे काय?

या प्रकारच्या खेळांत 'युमे निक्की' या जपानी खेळाचे स्थान असाधारण आहे. किकियामा हे टोपणनाव धारण करणाऱ्या एका व्यक्तीने तो २००४ साली 'आरपीजी मेकर २००३' या, खेळ रचण्याच्या तयार साधनावर एकट्याने रचला आणि विनामूल्य सर्वांना देऊन टाकला. त्यातील मादोत्सुकी ही मुलगी एका खोलीत राहते. खोलीत पलंग आहे, टेबलावर स्वप्नांची रोजनिशी आहे, बाहेर गॅलरी आहे; पण दाराशी नेऊन उभे केले तर ती मान हलवून नकार देते. ती बाहेर पडते ती केवळ झोपेत. स्वप्नात तेच दार उघडते आणि त्यापलीकडे बारा दरवाजांचे एक दालन लागते; प्रत्येक दरवाजामागे एक वेगळे जग, आणि त्या जगांत विखुरलेल्या २४ चमत्कारिक शक्ती, कोठे छत्री, कोठे सायकल, कोठे मांजराचे रूप. कोणी बोलत नाही, कोणी कामगिरी सोपवीत नाही. कंटाळा आला किंवा भय वाटले तर गालाला चिमटा काढून जागे व्हावे. गुलाबी समुद्राच्या प्रदेशात एका घरात एक मुलगी उभी असते. तिच्या खोलीतील दिव्याचे बटण दाबले तर बहुतेक वेळा केवळ अंधार पडतो. पण साधारणतः ६४ वेळांत एकदा तिच्या जागी एक विद्रूप आकृती प्रकट होते, आणि ती का, याचा खुलासा खेळात कोठेही नाही. ज्याने हे योजिले त्याला ठाऊक होते की शेकडो खेळणारे त्या खोलीतून काहीही न पाहता परत जातील. तरीही त्याने ती आकृती रेखाटली, तिला ध्वनी दिला आणि ती तेथे ठेवून दिली.

येथे आक्षेपकाचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल की निर्हेतुकतेच्या या गोष्टी फोल आहेत. या मंडळींना पैसा नको असेल, परंतु वाहवा हवी असते, आणि वाहवा हेही फळच. या आक्षेपात तथ्यांश आहे. आपले चित्र दुसऱ्यापुढे ठेवून त्याच्या मुद्रेकडे उत्सुकतेने न पाहणारा कलावंत विरळा. परंतु हा खुलासा किकियामाला लागू पडत नाही. खेळ देशोदेशी पसरला, त्यावर अगणित चर्चा झाल्या, तरीही या व्यक्तीने आपली ओळख जगापुढे आणली नाही. कीर्ती हेच प्रयोजन असते तर ती स्वीकारण्यास कोणाची आडकाठी नव्हती. उलट, ही कृती स्वतःपुरती पर्याप्त अशी शुद्ध क्रीडा असती, तर तो खेळ रचणाराच्या संगणकातच राहिला असता. लोकांच्या हाती देण्याचे कारण नव्हते. स्वतःला झाकून ठेवावे आणि आपले स्वप्न मात्र अपरिचितांच्या स्वाधीन करावे, या वर्तनाचा अर्थ लाभाच्या हिशेबाने लागत नाही आणि परिपूर्ण राजाच्या विहारानेही लागत नाही. त्याचा अर्थ लागण्यासाठी तिसरे कारण मानावे लागते; आणि ते कारण आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

बृहदारण्यकोपनिषदात सृष्टीची आणखी एक कथा आहे. आरंभी जो एकच होता त्याला प्रथम भय वाटले. आपल्यावाचून अन्य काहीच नाही तेव्हा भ्यावे कोणाला, या विचाराने ते भय गेले. पण तो रमेना, आणि म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. पहिल्या उत्तरात सृष्टी पूर्णतेतून उद्भवते, दुसऱ्यात एकाकीपणातून. हौशी निर्मात्यांचे वर्तन मला या दुसऱ्या उत्तराचा जिवंत पुरावा वाटते. बेल्जियममधील घेंट येथे त्या काळी राहून काम करणाऱ्या ऑरिया हार्वे आणि मिखाएल सामिन या कलावंत दांपत्याने २००५ साली 'द एंडलेस फॉरेस्ट' नावाचे एक अरण्य खुले केले. तेथे येणारा प्रत्येक जण मनुष्यमुखी हरीण होतो. त्याला भाषा नाही, नावाच्या जागी डोक्यावर केवळ एक चिन्ह. तो मान झुकवील, नाचेल, दुसऱ्याशेजारी बसून राहील, याहून अधिक काही करावयाचे नाही. अधूनमधून हे दोघे निर्माते स्वतः देवांच्या रूपाने त्या अरण्यात अवतरत, आकाशाचा रंग बदलत, फुलांचा वर्षाव करीत, आणि हरणे भोवती गोळा होत. ज्यांनी वृक्ष न् वृक्ष स्वतः रचला त्यांना त्या अरण्यात पाहण्यासारखे नवे ते काय राहिले होते? राहिली होती ती केवळ अन्य हरणे. निर्मात्याला स्वतःच्या सृष्टीत जी एकच वस्तू निर्माण करता येत नाही ती म्हणजे दुसऱ्याचे स्वातंत्र्य, आणि नेमके तेच पाहावयास तो तेथे येतो.

पण दुसऱ्याला बोलाविले की उत्तरदायित्वही आले. ब्रह्मसूत्रकारांनी लीलेचे उत्तर देताच पुढच्याच सूत्रात वैषम्य म्हणजे पक्षपात आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयता यांचा प्रश्न घेतला आहे, तो काही उगाच नव्हे. ज्याची क्रीडा त्याला गोड, पण त्या क्रीडेत जे भरडले जातात त्यांच्या दुःखाचा जबाब कोणी द्यावा? 'युमे निक्की'त सर्व शक्ती गोळा करून दालनात ठेवून दिल्यानंतर मादोत्सुकी जागी होते, गॅलरीत येते आणि खाली उडी घेते. इतका काळ तिच्या पावलाने चाललेल्या खेळणाऱ्याला हा आघात सोसवत नाही, आणि निर्माता निर्दय आहे काय, हे त्याने विचारले तर ते न्याय्यच आहे. वैषम्य-नैर्घृण्याच्या त्या सूत्रावर शंकराचार्यांचे उत्तर असे, की ईश्वर जीवांच्या कर्माला अनुसरून फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे येत नाही. मानवी निर्मात्याला हे उत्तर उपलब्ध नाही, कारण त्याच्या पात्रांना पूर्वकर्म नाही. त्याच्यापाशी दुसरे एक उत्तर आहे. जेसन रोहरर यांच्या २००७ सालच्या 'पॅसेज' या अवघ्या पाच मिनिटांच्या खेळात एक मनुष्य चिंचोळ्या चित्रपट्टीवर चालू लागतो. सहचारिणीला बरोबर घेतले तर काही अरुंद वाटा बंद होतात. केस पिकतात, ती जाते, मग तोही जातो, आणि साठविलेले सारे गुण निरर्थक ठरतात. तरीही या निर्मात्याला कोणी क्रूर म्हणणार नाही. जो नियम त्याने पात्राला लावला त्याच नियमाखाली तो स्वतः उभा आहे. मरणाऱ्याने मरणाऱ्याला सांगितलेली ती गोष्ट आहे, आणि समदुःखी असणे हाच मानवी निर्मात्याचा नैर्घृण्याच्या आरोपातून सुटण्याचा मार्ग आहे. मादोत्सुकीच्या बाबतीत निर्मात्याने मौन पत्करले. पण खेळणाऱ्यांनी ते मौन शेवटचे मानले नाही. २००७ सालापासून अनेकांनी मिळून 'युमे निक्की'च्या धर्तीवर 'युमे टूकी' हा खेळ रचावयास घेतला, आणि त्यात नव्या जगांची भर सतत पडत राहिली. जे पाहणारे होते ते रचणारे झाले. शोकाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे आणखी दरवाजे.

तेव्हा सृष्टी पूर्णतेतून की एकाकीपणातून, हा विकल्प आपल्याला स्वीकारलाच पाहिजे काय? मराठी तत्त्वविचाराने याचे उत्तर सातशे वर्षांपूर्वी दिले आहे, असे मला वाटते. 'अमृतानुभवा'च्या पहिल्याच प्रकरणात ज्ञानेश्वर शिव आणि शक्ती यांना वंदन करतात ते एकाच सत्तेने परस्परप्रेमाच्या सुखासाठी धारण केलेले युगुल म्हणून. आणि चिद्विलास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या विचारात जग हा अज्ञानाचा पसारा नसून चैतन्याने स्वतःलाच दृश्य होऊन पाहणे आहे. या दृष्टीने पाहिले तर दुसऱ्याची इच्छा हे उणेपणाचे लक्षण ठरत नाही. प्रेमाला दुसरा हवा असतो तो आपली रिकामी जागा भरण्यासाठी नव्हे. जे आहे ते दोघांनी मिळून भोगल्यावाचून त्याचे सुख प्रकट होत नाही, म्हणून. अद्वैताचा अनुभव आल्यावरही देव आणि भक्त हे अंतर भक्तांनी आनंदाने राखले, त्याचेही कारण हेच.

अर्थात रात्री जागून पिक्सेल भरणारा हौशी मनुष्य शिव नव्हे. त्याच्या निर्मितीत पोकळीही आहे, अहंकारही आहे, आणि त्याचे कित्येक खेळ अर्धेच राहून जातात. परंतु त्याची कृती ज्या दिशेने वळते ती दिशा खरी आहे. आपण आज निर्मितीचे मोल तिच्या खपावरून, तिच्या उपयोगावरून, नाही तर तिच्यातील उपदेशावरून ठरवितो, आणि या तिन्ही कसोट्यांना न उतरणाऱ्या कामाला रिकामटेकडेपणाचे नाव देतो. माझ्या मते चौथी कसोटी याहून जुनी आणि अधिक विश्वसनीय आहे: या निर्मितीत दुसऱ्याला मोकळेपणाने हिंडण्यास जागा ठेवली आहे काय, आणि तेथून परतताना त्यालाही काही रचावेसे वाटते काय? फळ नसलेल्या खेळाने एका अनोळखी माणसाला निर्माता केले, तर लीलेचे प्रयोजन काय, या प्रश्नाला मनुष्याच्या आवाक्यातील पुरेसे उत्तर मिळाले, असे म्हणण्यास मला कोणताही संकोच वाटत नाही.